अमूर्त मिश्र-माध्यम चित्रातला ताण आणि भावना: वाचायचं कसं, कोणत्या क्रमाने

अमूर्त चित्रासमोर लोक दोन प्रकारे चुकतात. काही जण ‘आपल्याला यातलं काही कळत नाही’ म्हणत पुढच्या चित्राकडे सरकतात. बाकीचे लाल दिसला की ‘राग’, काळा दिसला की ‘दुःख’, निळा दिसला की ‘शांती’ असं म्हणून मोकळे होतात. यात दुसरी चूक जास्त महागात पडते. तिच्यात चित्र पाहिल्याचं समाधान मिळतं, पाहणं मात्र झालेलंच नसतं.

मिश्र माध्यमाच्या चित्रात रंगाच्या जोडीला कागद, कापड, वाळू, तार, दोरा, मेण, राख असं काहीही असू शकतं. त्यातल्या प्रत्येक वस्तूवर कुणीतरी काहीतरी केलेलं असतं. ती फाडलेली असते, जाळलेली असते, शिवलेली किंवा खरवडलेली असते. भावनेचा माग या क्रियांवरून काढायचा. म्हणून क्रम असा: आधी सामग्री, मग तिच्यावर झालेली क्रिया, मग ताण, आणि भावना सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमकी भावनेपासून सुरुवात करतात. म्हणजे आधी कळस, मग पाया.

आणखी एक गोष्ट आत्ताच वेगळी करून ठेवू. ताण म्हणजे भावना नव्हे. ताण चित्रातल्या दोन गोष्टींमध्ये असतो: जड आकार आणि त्याला पेलणारी बारीक रेघ, कडेला टेकू पाहणारा ठिपका आणि ती कड. तो बोट ठेवून दाखवता येतो. भावना ही त्या ताणाची आपण केलेली उकल. एकाच ताणातून उत्सुकता निघू शकते आणि भीतीही निघू शकते, त्यामुळे ताण नीट पाहिल्याशिवाय भावनेचं नाव घ्यायचं नाही.

उदाहरणासाठी एक काल्पनिक चित्र लेखभर सोबत ठेवू. कॅनव्हास तीन फूट रुंद, चार फूट उंच. डावीकडचा मोठा भाग राखाडी, वाळू मिसळलेला, खरबरीत. त्यावर वर्तमानपत्राचे फाडलेले तुकडे, पातळ पांढऱ्या रंगाखाली अर्धवट गेलेले. मधोमध एक उभी चीर, जाड काळ्या दोऱ्याने शिवलेली. टाके वर घट्ट, खाली येता येता सैल होत गेलेले, आणि शेवटी दोरा नुसताच लोंबतो आहे. उजव्या कडेपासून बोटभर आत तळहाताएवढा, गुळगुळीत, शेंदरी ठिपका. बाकी उजवी बाजू जवळपास मोकळी.

## तयारी

मूळ चित्र की फोटो, हे आधी ठरवा. मिश्र माध्यमाच्या चित्राचा समोरून उजेड टाकून काढलेला फोटो पोत खाऊन टाकतो. वाळूचा थर आणि सपाट राखाडी रंग त्यात सारखेच दिसतात. फोटोवरूनच काम करायचं असेल तर निदान तीन गोष्टी मिळवा: चित्राची मापं, बाजूने उजेड टाकून काढलेला एक फोटो, आणि कडांचे जवळून काढलेले फोटो. मोबाइलच्या पडद्यावर एक फुटाचं आणि सहा फुटांचं चित्र एकाच आकाराचं होतं. प्रत्यक्षात त्यातल्या एकावर आपण वाकतो, तर दुसरं आपल्यावर चाल करून येतं.

चित्राशेजारच्या पाटीवरचा अर्धाच मजकूर वाचा. माध्यम आणि मापं वाचा. शीर्षक आणि चित्रकाराचं निवेदन आत्ता नको, त्यांची पाळी शेवटी आहे. माध्यम वाचणं गरजेचं, कारण डोळा सहज फसतो. पिकासोच्या १९१२ मधल्या वेताच्या खुर्चीच्या स्थिरचित्रात वेताची वीण दिसते, पण ती वेताची नाही. तिथे वीण छापलेलं मेणकापड चिकटवलेलं आहे. भोवतीचा दोर मात्र खराखुरा आहे. कोणती वस्तू खरी आणि कोणती तिचा देखावा, हे कळलं नाही तर पुढचं सगळं वाचन भलतीकडे जातं.

वही आणि पेन्सिल घ्या. अनेक संग्रहालयांत चित्रांजवळ पेन चालत नाही. पानाचे तीन रकाने पाडा: ‘दिसतं’, ‘वाटतं’, ‘नंतर कळलं’. तिसरा रकाना सातव्या टप्प्यापर्यंत कोरा राहील. जाड कागदाच्या काटकोनी दोन पट्ट्याही कापून ठेवा, चित्राचा एखादाच भाग चौकटीत पकडायला त्या लागतील. टॉर्च हवा असेल तर तो स्वतःच्या चित्रासाठी किंवा परवानगी घेऊन.

> सावधान: पोत पाहून हात शिवशिवतात. दुसऱ्याच्या चित्राला बोट लावू नका. वाळू, राख आणि पेस्टल हाताला लागून येतात, आणि बोटांचा तेलकटपणा मागे राहतो.

## टप्पा १: पहिला परिणाम नोंदवा आणि झाकून ठेवा

चित्रासमोर आल्यावर शरीराने काय केलं ते तीन-चार ओळींत लिहा. पाऊल मागे गेलं की पुढे? नजर आधी कुठे गेली, कुठे अडकली, कोणता भाग टाळत राहिली? श्वास, खांदे, जबडा यांत काही फरक पडला का? भावनेचं नाव लिहू नका. ‘अस्वस्थ वाटलं’ याऐवजी ‘नजर सारखी उजव्या कडेकडे जात राहिली’ असं लिहा.

ही नोंद पुरावा म्हणून वापरायची नाही. ती फक्त शोध कुठून सुरू करायचा ते सांगते. त्या दिवशी तुमचं कुणाशी बिनसलं असेल तर ते चित्राच्या नावावर जमा होण्याची दाट शक्यता असते. म्हणून एका कोपऱ्यात स्वतःच्या मनःस्थितीचीही एक ओळ टाका.

## टप्पा २: सामग्रीची यादी, आणि प्रत्येकीसमोर क्रियापद

‘दिसतं’ या रकान्यात चित्रातली प्रत्येक सामग्री लिहा आणि तिच्यासमोर एक क्रियापद लिहा. ‘कागद’ एवढं पुरेसं नाही, ‘कागद फाडलेला’ हवं. ‘कापड’ नको, ‘कापड उसवलेलं, दशा बाहेर’ हवं. अमूर्त चित्रात ओळखीची माणसं किंवा प्रसंग नसतात, पण घटना असतात. सामग्रीवर जे जे घडलं, त्याच या घटना.

फाडणं आणि कापणं यांत फरक करा. फाडलेल्या कागदाला तंतुमय, बहुधा फिकट कड असते. फाटणं कोणत्या दिशेला जाईल हे पूर्णपणे हातात नसतं. कात्रीने किंवा पात्याने कापलेल्या कागदाची कड स्वच्छ असते. तिथे हत्यार होतं, आखणी होती. एकाच चित्रात काही कागद फाडलेले आणि काही कापलेले असतील तर तो योगायोग समजून सोडून देऊ नका.

क्रियापद मिळालं की थांबू नका, त्याला ‘कसं’ जोडा. इथे भले भले घसरतात. इटालियन चित्रकार लुचिओ फोंताना यांनी १९५८ पासून कॅनव्हासवर पात्याने उभे छेद दिले. नुसतं ‘चिरलं’ असं लिहिलं की लगेच ‘हिंसा’ सुचते. पण त्या छेदांच्या कडा पाहा: त्या अलगद आत वळवलेल्या आहेत, मागे काळी जाळी लावलेली आहे, त्यामुळे आत खोल अंधार दिसतो. रागाच्या भरात केलेलं काम असं दिसत नाही. तिथे ‘सावकाश, एका दमात, बेताने चिरलं’ असं लिहावं लागतं. याउलट भारतीय चित्रकार जेराम पटेल यांनी १९६० च्या दशकात प्लायवुड ब्लोटॉर्चने (ज्वाळा फेकणाऱ्या उपकरणाने) जाळून केलेली चित्रं घ्या. लाकूड कुठे नुसतं करपलं आहे, कुठे खोल खाल्लं गेलं आहे. आग हत्यारासारखी वापरली, तरी काही निर्णय आगीने स्वतःच घेतलेले आहेत. दोन्हीकडे पृष्ठभागाला इजा झालेली आहे, पण इजेची जात वेगळी.

आपल्या चित्राची यादी अशी होईल: वाळू मिसळलेला रंग, थापलेला, पुसून सपाट न केलेला. वर्तमानपत्र, फाडलेलं, चिकटवलेलं, अर्धवट झाकलेलं. कॅनव्हास, चिरलेला. दोरा, ओवलेला, वर घट्ट ओढलेला, खाली सोडून दिलेला. शेंदरी रंग, काळजीने गुळगुळीत केलेला.

> तपासा: यादीत नुसती नामं किती उरली? जिथे क्रियापद नाही तिथे तुम्ही पाहिलं नाही, फक्त ओळखलं.

आणखी एक प्रश्न प्रत्येक ओळीला विचारा: हे चित्रकाराने केलं की काळाने? वर्तमानपत्राच्या स्वस्त कागदात लिग्निन हा लाकडातला घटक असतो, त्यामुळे तो उजेडात आणि हवेत पिवळा, मग तपकिरी होतो. जुन्या कोलाजमधला (कागद वगैरे चिकटवून केलेल्या चित्रातला) तो पिवळेपणा पाहून ‘गतकाळाची हुरहूर’ असं लिहिणारे बरेच आहेत. चिकटवला तेव्हा तो कागद पांढुरकाच होता. भेगांचंही तसंच. तैलरंगाचे थर चुकीच्या क्रमाने चढवले, खालचा हळू सुकणारा आणि वरचा लवकर सुकणारा असा, तर भेगा आपोआप पडतात. पण इटालियन चित्रकार आल्बेर्तो बुर्री यांनी १९७० च्या दशकातल्या आपल्या भेगाळ चित्रांत जाड मिश्रण सुकू देऊन भेगा मुद्दाम घडवल्या. साधारणपणे मुद्दाम घडवलेल्या भेगांना काहीतरी रचना असते. कुठे दाट, कुठे विरळ, कुठे थांबलेल्या. फसलेल्या थराच्या भेगा रचनेची पर्वा करत नाहीत, आणि त्यांचे पोपडेही सुटतात.

## टप्पा ३: कशावर काय चढलं, ते लावा

चित्र एका क्षणात दिसतं, पण झालेलं असतं बराच वेळ घेऊन. तो वेळ थरांत साठलेला असतो. हा टप्पा लोक सर्रास गाळतात, आणि मग ‘झाकलं’ आणि ‘उघडं पाडलं’ यांतला फरकच त्यांच्या हाती लागत नाही.

खुणा अशा. दोन रंग एकमेकांत मिसळले असतील तर खालचा ओला असताना वरचा आला, म्हणजे मध्ये थांबणं झालं नाही. वरच्या रंगाची कड स्वच्छ असेल तर खालचा सुकू दिलेला आहे. ओघळ खाली गेले असतील तर चित्र उभं होतं. ओघळ आडवे किंवा वर गेलेले दिसले तर चित्रकाराने कॅनव्हास फिरवला. म्हणजे आपल्याला जो ‘वरून कोसळणारा’ ओघळ वाटतो आहे, तो बनताना कदाचित कोसळलाच नव्हता. खरवडलेल्या जागी खालचा कोणता थर वर आला तेही पाहा. खरवडून कोरा कॅनव्हास दिसत असेल तर ते पुसून टाकणं झालं. खरवडून आतला लाल दिसत असेल तर ते शोधणं झालं.

सगळ्यात उपयोगाची खूण दोऱ्याची. आपल्या चित्रातल्या काळ्या दोऱ्यावर पांढरा रंग लागला आहे का? लागला असेल तर आधी शिवलं, मग रंग फिरवला, म्हणजे शिवणही झाकायच्या यादीत होती. दोरा स्वच्छ असेल आणि टाक्याच्या भोकाभोवती सुकलेला रंग तडकला असेल, तर चित्र आधी पूर्ण होतं, मग चिरलं आणि मग शिवलं. ही दोन अगदी वेगळी कथानकं आहेत. दुरून पाहताना चित्र दोन्ही वेळा सारखंच दिसेल.

> सावधान: वर्तमानपत्रातला मजकूर वाचत बसू नका. अक्षर दिसलं की डोळा चित्र सोडून वाचायला लागतो, आणि एखाद्या भडक मथळ्यावरून अख्ख्या चित्राचा अर्थ लावला जातो. आधी एवढंच नोंदवा: अक्षरं सुलटी आहेत की उलटी, वाचता येतात की नाही, आणि एखादाच शब्द मुद्दाम उघडा ठेवला आहे का. ठेवला असेल तरच तो शब्द वाचा.

## टप्पा ४: ताण शोधा

आता चित्रापासून इतके मागे व्हा की ते एका नजरेत मावेल. डोळे किलकिले करा, म्हणजे बारकावे विरघळतील आणि मोठे भार उरतील. मग ताण कुठे कुठे आहे ते शोधा. माझा अनुभव असा की सुरुवातीला नजर चित्राच्या मध्यावर खिळलेली असते आणि ताण बसलेला असतो कडेला.

कडेपासून सुरू करा. एखादा आकार कडेला पूर्ण टेकला की प्रश्न मिटतो. तो कडेपलीकडे गेला तरी मिटतो. कडेच्या अगदी जवळ येऊन थांबला की मात्र मधली चिंचोळी जागा ओरडायला लागते. आपला शेंदरी ठिपका नेमका तिथे आहे. तो बोटभर आत आहे, यापेक्षा तो त्या बोटभर जागेत अडकला आहे हे महत्त्वाचं. दोन आकारांमधल्या अंतरालाही हेच लागू.

मग भार आणि आधार पाहा. गडद, खरबरीत, मोठा भाग जड वाटतो. फिकट, गुळगुळीत, लहान भाग हलका. जड भाग खाली असेल तर डोळा निवांत होतो. वर किंवा एका अंगाला असेल तर त्याला कशाने पेललं आहे ते शोधा. मिश्र माध्यमात यात एक जादा गंमत असते, कारण इथे खरं वजनही असतं. कॅनव्हासवर खरीखुरी लोखंडी पट्टी बारीक तारेने टांगली असेल, तर ती पडेल का ही शंका फक्त डोळ्याची राहत नाही.

सामग्रीचं एकमेकींशी असलेलं वैर हा मिश्र माध्यमाचा खास ताण. ओलं आणि कोरडं, चकचकीत आणि निस्तेज, मऊ आणि टोकदार, टिकाऊ आणि नाशवंत. वाळूच्या खरबरीत भागाशेजारी तो गुळगुळीत ठिपका जणू दुसऱ्याच चित्रातून आल्यासारखा वाटतो. त्याला इथली धूळ लागलेली नाही.

शेवटी लय कुठे मोडते ते बघा. सारख्या अंतरावरचे टाके ही लय आहे. ते सैल व्हायला लागले की डोळा पुढचा टाका शोधतो, आणि तो मिळत नाही.

प्रत्येक ताण खरा आहे का, हे तपासायच्या चार कसोट्या आहेत:

1. झाकून पाहा. कागदाच्या पट्टीने एक घटक झाका (चित्राला न टेकवता, डोळ्यासमोर धरून). ठिपका झाकला आणि चित्र ढिलं पडलं, तर ताणाचं एक टोक ठिपक्यात होतं. काहीच बदललं नाही तर तुम्ही चुकीच्या जागी बोट ठेवलंत.
2. फोटो कृष्णधवल करा. ताण टिकला तर तो फिकट-गडद छटांतून आणि आकारांतून येतो. गेला तर तो रंगातून येत होता. आपला शेंदरी आणि राखाडी एकाच गडदपणाचे असतील तर ठिपका जवळजवळ नाहीसा होईल. म्हणजे तो फक्त रंगाच्या जोरावर तग धरून आहे, हे कळेल.
3. फोटो उलटा करा. टाके आता खालून वर सैल होत जातात. उमेद सुटल्यासारखं वाटत होतं ते आता उलगडल्यासारखं वाटेल. म्हणजे त्या ताणात वर-खाली या दिशेचा वाटा मोठा आहे.
4. अंतर बदला. हातभर अंतरावरून आणि दहा-बारा फुटांवरून पाहा. दोरा लोंबतो आहे हे फक्त जवळून दिसत असेल, तर दुरून शाबूत आणि जवळून सुटलेलं असा एक नवाच ताण हाती लागतो.

> तपासा: प्रत्येक ताण ‘अमुक आणि तमुक यांच्यात, कारण…’ अशा वाक्यात लिहिता येतो का? एकच बाजू लिहिता आली तर तो ताण नव्हे, तो फक्त लक्ष वेधणारा घटक आहे.

या टप्प्यातली ठरलेली चूक म्हणजे खरबरीत पोत दिसला की ताण आहे असं मानणं. सगळीकडे सारख्याच जाडीने थापलेला खडबडीत थर बहुतेक वेळा शांतच असतो, कारण त्याला प्रतिपक्ष नसतो. आणि याच्या दुसऱ्या टोकाला भारतीय शिल्पकार आणि मुद्राचित्रकार सोमनाथ होर यांची ‘वूण्ड्स’ (जखमा) ही मालिका आहे, १९७० च्या दशकापासूनची. कागदाच्या लगद्यातून काढलेले ठसे, पांढऱ्यावर पांढरं. बहुतेक ठिकाणी रंगाचं नावही नाही. कागदाच्या शांत पृष्ठभागात चरे, खाचा, भोसकल्यासारखे खड्डे, आणि बाजूने उजेड पडला की त्यांच्या सावल्या. सगळा ताण शाबूत कागद आणि त्याची फुटलेली त्वचा यांच्यातला आहे. लाल म्हणजे वेदना असं समीकरण घेऊन गेलेल्या माणसाला तिथे काहीच सापडणार नाही.

## टप्पा ५: ताणावरून भावनेकडे

आता कुठे ‘वाटतं’ हा रकाना उघडायचा. सर्वांत ठळक दोन-तीन ताण निवडा आणि प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा.

घटना घडायची आहे, घडते आहे, की घडून गेली आहे? कडेजवळ अडकलेला ठिपका घडायच्या आधीचा क्षण दाखवतो. जळलेलं लाकूड घडून गेल्यानंतरचा. लोंबता दोरा मधला: काम अर्धवट आहे, सोडलं की थांबलं ते माहीत नाही. नुसत्या या प्रश्नाने धास्ती आणि खंत यांची गल्लत टळते. धास्ती पुढच्याची असते, खंत मागची.

जोर आत जातो की बाहेर? शिवण दोन बाजूंना आत ओढते. चीर बाहेर ढकलते. दोन्ही एकाच जागी असतील तर तिथे झटापट चालू आहे.

जोर मोकळा आहे की दाबलेला? उडवलेला रंग मोकळा असतो. झाकलेली अक्षरं, घट्ट ओढलेले टाके, गुळगुळीत करत आणलेली कड ही सगळी दाबून धरल्याची चिन्हं. दाबलेला राग आणि मोकळा राग यांना वेगवेगळे शब्द हवेत.

उत्तरं मिळाली की शब्द आपोआप नेमका होत जातो. ‘दुःख’, ‘राग’, ‘आनंद’ हे शब्द शक्यतो बाद करा. ते इतके मोठे आहेत की कोणतंही चित्र त्यांत मावतं. कोंडमारा, घालमेल, तगमग, सल, हुरहूर, उद्वेग, सुन्नपणा, ओढ, आवेग, निर्धार यांतला कोणता शब्द तिन्ही उत्तरांना पटतो ते पाहा. आपल्या चित्रात शिवणीपाशी घटना चालू आहे, जोर आत आहे आणि दाबलेला आहे, पण खाली तो सुटत जातो. मी तिथे ‘थकत चाललेला निर्धार’ लिहीन. ठिपक्यापाशी घडायच्या आधीचा क्षण, बाहेरची ओढ आणि अडवणूक. तिथे ‘घालमेल’ जमतं. दोन जागी दोन वेगळ्या भावना निघाल्या म्हणून बिचकू नका. अख्ख्या चित्राला एकच भावना असली पाहिजे हा नियम कुणी केलेला नाही.

> सावधान: रंगाचा अर्थ कोष्टकातून काढू नका. शेंदरी रंग कशाशेजारी आहे, किती जागा व्यापतो, चकाकतो की निस्तेज आहे आणि हाताने कसा लावला आहे, या चार गोष्टी कळल्याशिवाय तो काहीच सांगत नाही. हाच शेंदरी डावीकडच्या वाळूत ओरबाडून भरला असता तर सगळं वाचन बदललं असतं.

## टप्पा ६: स्वतःच्या विरोधात बाजू मांडा

त्याच पुराव्यांवरून नेमका उलटा अर्थ लावून पाहा, आणि तो प्रामाणिकपणे लावा. टाके खाली सैल आहेत म्हणजे निर्धार थकला, असं आपण म्हटलं. उलट बाजू अशी: जखम खालून भरत आली आहे, टाक्यांची गरज उरली नाही, म्हणून दोरा सोडला. आता चित्राकडे परत जा आणि निवाडा करणारी खूण शोधा. सैल टाक्यांपाशी चीर मिटलेली आहे की उघडी? उघडी असेल तर ‘भरत आली’ हा अर्थ पडतो. मिटलेली असेल तर तुमचा पडतो. दोन्ही टिकून राहिले तर तसंच लिहा. ‘हेही असेल, तेही असेल’ एवढंच लिहिण्यात आळस असतो. दोन्ही बाजूंचे पुरावे मांडले की तो आरोप राहत नाही.

## टप्पा ७: आता शीर्षक, निवेदन आणि चरित्र

तिसरा रकाना उघडा. आधीचं काही खोडायचं नाही. शीर्षक वाचून दृष्टी बदलली तर काय बदललं ते शेजारी लिहा. फोंताना यांच्या अनेक छेदचित्रांच्या शीर्षकात प्रतीक्षेचा उल्लेख आहे. तो कळला की छेदाकडे बघताना ‘घडून गेलेलं’ ऐवजी ‘यायचं आहे’ असं वाचण्याची वाट उघडते. पण ती वाट छेदाच्या अलगद वळवलेल्या कडांमध्ये आधीपासून होतीच. शीर्षकाने चित्रातल्या एखाद्या खुणेला बळ दिलं तर ते घ्या. चित्रात एकही खूण नसताना शीर्षक काही सांगत असेल तर ते शीर्षकापाशीच राहू द्या.

चरित्राबाबत जास्त जपून. बुर्री हे डॉक्टर होते. दुसऱ्या महायुद्धात ते टेक्सासमधल्या छावणीत युद्धकैदी होते आणि तिथेच ते चित्रकलेकडे वळले. पुढे त्यांनी फाटकी, शिवलेली गोणपाटं कॅनव्हासवर लावली. डॉक्टर, युद्ध, टाके, तांबडा रंग. एवढी आयती साखळी मिळाल्यावर गोणपाटात जखमा आणि बँडेज कुणाला दिसणार नाहीत? बुर्री स्वतः असे अर्थ मानायला तयार नव्हते. सामग्री, आकार आणि तोल यांच्यापलीकडे बोलायला ते नाखूष असत. यावरून जखमेचं वाचन खोटं ठरत नाही. पण ते चरित्रातून आलं की शिवणीतून, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

चित्रकाराचं म्हणणं आणि प्रेक्षकाचा अनुभव यांत किती अंतर पडू शकतं याचा नमुना म्हणजे अमेरिकन चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग यांचं १९५५ मधलं ‘बेड’. उशी, चादर, गोधडी भिंतीवर उभी टांगलेली आणि त्यांवर रंग ओतलेला, ओघळलेला. अनेकांना तिथे खुनाची जागा दिसली. राउशेनबर्ग यांना मात्र ते आपल्या सगळ्यात स्नेहाळ चित्रांपैकी एक वाटे. इथे कोण बरोबर, हा प्रश्न सोडा. ओघळ पाहिलेत, अंथरूण उभं केलेलं पाहिलंत, तर दोन्ही वाचनं कुठून येतात ते कळतं. उभं केलेलं अंथरूण निजता न येणारं आहे, आणि तरीही ते अंथरूणच आहे.

## टप्पा ८: लिहून काढा

प्रत्येक विधानात तीन भाग हवेत: काय दिसतं, त्यातून कोणता ताण तयार होतो, आणि तो मला कशाकडे नेतो.

कच्चं विधान: ‘चित्रातून समाजातली वेदना आणि आशेचा किरण व्यक्त होतो.’ हे वाक्य हजार चित्रांखाली खपेल.

पक्कं विधान: ‘चीर वर घट्ट टाक्यांनी ओढून धरली आहे, पण खाली टाके सैल होतात आणि दोरा सुटतो. धरून ठेवणं आणि निसटणं यांतली ही झटापट थकत चाललेल्या निर्धारासारखी वाटते. उजवीकडचा गुळगुळीत ठिपका या झटापटीपासून लांब आहे, पण कडेपाशी अडकल्यामुळे सुटलेलाही नाही.’

लिहून झालं की एक कसोटी लावा. शेजारच्या चित्रासमोर उभं राहून तेच वाक्य वाचा. तिथेही ते चाललं, तर फाडा आणि दुसऱ्या टप्प्यावर परत जा. ‘जणू’, ‘भासतं’, ‘सूचित होतं’ हे शब्द मोजा. परिच्छेदात एखादा चालतो, चार झाले की विधानाच्या पायाखाली काही नाही असं समजा.

## चित्र गप्पच राहिलं तर

सगळे टप्पे करूनही हाती काही लागत नाही, असं होतं. आधी थरांची नोंद पुन्हा वाचा. बहुतेक वेळा घाई तिथेच झालेली असते. मग उजेड बदलल्यावर पाहा, दिवसाच्या दुसऱ्या वेळी पाहा. पोताच्या चित्रात बाजूचा उजेड आणि समोरचा उजेड ही जवळपास दोन वेगळी चित्रं दाखवतात. दुसऱ्या कुणाबरोबर पाहत असाल तर दोघांनी आधी आपापल्या यादीतली क्रियापदं एकमेकांना दाखवा, भावना नंतर सांगा. मतभेद बहुधा क्रियापदातच सापडतो: एकाला जे ‘फाडलेलं’ दिसलं ते दुसऱ्याला ‘झिजलेलं’ दिसलेलं असतं, आणि मग दोघांनी मिळून कड तपासता येते.

तरीही ताण सापडला नाही, तर तो त्या चित्रात नसेल. सामग्री पुष्कळ आणि एकमेकींशी काहीही देणंघेणं नाही, अशी चित्रं खूप असतात. सोनेरी वर्ख, थोडी वाळू, थोडं गोणपाट, सगळं गोडीगुलाबीने शेजारी शेजारी. तेही पुराव्यानिशी लिहा: कोणत्या दोन गोष्टी समोरासमोर यायला हव्या होत्या आणि आल्या नाहीत.